बुलेटला मोटारीचा टायर चालेल काय?

वर्धा, प्रतिनिधी - मोटारीचा टायर नीट वापरल्यास चाळीस-पन्नास हजार किलोमीटर सहज चालतो. चारशे किलोंच्या आसपास वजन असलेल्या परदेशी बनावटीच्या मोटारसायकलचा मागचा टायर मात्र दहा-पंधरा हजार किलोमीटरमध्येच मधोमध झिजून सपाट होतो. त्यातही मोठ्या मोटारसायकलच्या आयात टायरसाठी मोटारीच्या साध्या टायरपेक्षा कितीतरी अधिक पैसे मोजावे लागतात. असा हिशेब मांडला की, कोणत्याही व्यवहारी माणसाच्या मनात एक प्रश्न येतोच. मागच्या चाकाला सरळ मोटारीचाच टायर का बसवू नये?

हा प्रश्न हास्यास्पद नाही. अमेरिकेत होंडा गोल्डविंग, ट्रायम्फ रॉकेट यांसारख्या अवजड मोटारसायकली चालवणाऱ्यांचा एक वर्ग अनेक वर्षांपासून हेच करीत आला आहे. ही मंडळी स्वतःला गमतीने 'डार्कसायडर' म्हणवून घेतात. गोल्डविंगच्या जुन्या १८०० सीसी मॉडेलला मागे १८०/६० आर १६ या मापाचा टायर येतो. त्याऐवजी ते मोटारीचा १९५/५५ आर १६ टायर चढवतात आणि लाखभर किलोमीटरचा प्रवास केल्याचे सांगतात. त्यांच्या अनुभवाला खोटे ठरवण्याचे कारण नाही. परंतु तो अनुभव कोणत्या रस्त्यांवरचा, कोणत्या गाडीवरचा आणि कोणती किंमत पत्करून घेतलेला, हे न पाहता त्याचे अनुकरण करणे धोक्याचे आहे.

वर्ध्यात या विषयाला महत्त्व येण्याचे कारण रस्ते आहे. गेल्या काही वर्षांत जिल्ह्यातील प्रमुख मार्गांचे रूप पालटले. बुटीबोरीहून वर्धा, देवळी, यवतमाळमार्गे तुळजापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ काँक्रीटचा आणि चौपदरी झाला. हिंगणघाट, जामवरून जाणारा नागपूर-हैदराबाद महामार्ग आधीपासूनच रुंद होता. समृद्धी महामार्गही जिल्ह्यातून जातो, मात्र त्यावर दुचाकींना बंदी आहे. लांब, सरळ, वळणे कमी असलेले रस्ते मिळाल्याने वजनदार दुचाकी घेऊन नागपूर-यवतमाळच नव्हे, तर थेट हैदराबादपर्यंत निघणारे वाढले. साडेतीनशे सीसीची बुलेट ही एकेकाळी पाटील, पोलीस आणि दूधवाल्यांची गाडी. आता साडेसहाशे सीसीच्या गाड्याही एमएच ३२ क्रमांकाने धावताना दिसतात. त्यापैकी रॉयल एनफिल्डची सुपर मिटिऑर ६५० ही गाडी २४१ किलो वजनाची आहे. एवढ्या वजनाखाली टायर लवकर झिजतो आणि झिजलेला टायर बदलताना खिशाला चाट बसते. मग सरळ रस्त्यांवर सपाट टायर काय वाईट, हा अमेरिकेतील युक्तिवाद येथेही पटण्यासारखा वाटू लागतो.

झुकणारे वाहन

या प्रश्नाचे उत्तर टायर किती मजबूत आहे, यात नसून वाहन वळते कसे यात आहे.

मोटार वळते तेव्हा तिची पुढची चाके दिशा बदलतात. चारही चाके जमिनीवर जवळपास उभीच राहतात. म्हणून मोटारीच्या टायरचा रस्त्याला टेकणारा भाग पाटासारखा सपाट, रुंद आणि दोन्ही कडांना जवळजवळ काटकोनात वळलेला असतो. उभे राहून भार पेलायचा, एवढेच त्याचे काम. मोटारसायकल मात्र वळताना आडवी होते. तिच्या टायरचा छेद घेतला तर तो अर्धवर्तुळाकार दिसतो. गाडी कितीही झुकली तरी रस्त्याला टेकणारा तळहाताएवढा ठसा गोलाईवरून हळूहळू बाजूला सरकत जातो. आकार थोडा बदलतो, पण तुटत नाही. झुकलेला गोल टायर स्वतःच गाडीला वळणाच्या आतील बाजूकडे ओढतो. जमिनीवर गडगडत सोडलेले नाणे ज्या बाजूला कलते त्याच बाजूला वळत जाते, तोच हा प्रकार.

किती झुकावे लागते, याचे गणित साधे आहे. पन्नास मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल सुमारे ३० अंश झुकलेली असते. पंचवीस मीटर त्रिज्येच्या वळणावर वेग ताशी ४० किलोमीटर असला, तरी हा कोन २७ अंशांच्या घरात जातो. हे काही शर्यतीचे आकडे नाहीत. नागपूर-अमरावती मार्गावर तळेगावजवळचा सत्याग्रही घाट उतरताना किंवा हिंगणीकडून बोर अभयारण्याच्या दिशेने जाताना कोणताही सामान्य चालक, त्याच्या ध्यानीमनी नसताना, याच्या जवळपास झुकतो.

आता तेथे मागच्या चाकाला मोटारीचा टायर असल्याची कल्पना करावी. गाडी झुकू लागताच सपाट पृष्ठाची एक बाजू उचलली जाते आणि सगळा भार टायरच्या एका खांद्यावर येतो. टायरची बाजू मऊ असेल आणि हवा कमी ठेवली असेल, तर ती दबून पृष्ठाचा काही भाग रस्त्याला टेकून ठेवते. डार्कसायडर मंडळींचा सारा भरवसा या दबण्यावर आहे, म्हणूनच हवेच्या दाबाबाबत ते कमालीचे काटेकोर असतात. पण दबलेली बाजू स्प्रिंगप्रमाणे गाडीला पुन्हा उभे करू पाहते. परिणामी वळणभर हँडल रेटून धरावे लागते. हात सैल पडला, वळणाच्या मध्यावर खड्डा आला किंवा काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधील उंचवट्यावर टायरची कडा चढली, तर गाडी एकाएकी सरळ होऊ पाहते. डावीकडच्या वळणावर सरळ होणारी गाडी थेट समोरून येणाऱ्या वाहनाच्या बाजूला जाते. चौपदरी महामार्गावर मध्ये दुभाजक असतो. आर्वी, आष्टी, कारंजाकडील अनेक रस्त्यांवर तो नाही. कापसाने शिगोशिग भरलेला ट्रक मात्र असतो.

सवयीने हे हाताळता येते, असे समर्थक म्हणतात. येतही असेल. पण ही सवय अंगवळणी पडेपर्यंतचा काळ आणि मागे बसलेल्या व्यक्तीचा जीव, या दोन गोष्टी त्या हिशेबात धरलेल्या दिसत नाहीत.

सरळ रस्त्यावर मोटारीच्या टायरला काही गुण आहेत, हेही मान्य करावे लागेल. रुंद पृष्ठामुळे झीज विभागली जाते. खोल, सलग खाचांतून पावसाचे पाणी चांगले बाहेर फेकले जाते. सरळ रेषेत ब्रेक लावताना पकड कमी पडत नाही. तक्रार आहे ती वळणाची. आणि कोणताही दुचाकीस्वार घरापासून मुक्कामापर्यंत एकही वळण न घेता जात नाही.

'भक्कम' टायरचा भ्रम

मोटारीच्या टायरची बाजू घेताना हमखास पुढे केला जाणारा दुसरा मुद्दा ताकदीचा. हजार किलोंची मोटार पेलणारा टायर दुचाकीला भारी पडणार कसा, असे विचारले जाते. याचे उत्तर टायरवरच छापलेले असते. ते वाचण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही, एवढेच.

टायरच्या बाजूवर मापापुढे एक आकडा आणि एक इंग्रजी अक्षर असते. आकडा हा भार निर्देशांक, अक्षर हे वेगमर्यादेचे चिन्ह. रॉयल एनफिल्डच्या सध्याच्या क्लासिक ३५० चा मागचा टायर १२०/८०-१८ या मापाचा असून, त्यावर ६२ पी अशी नोंद असते. ६२ म्हणजे २६५ किलो आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर. पुढच्या टायरवर ५७ पी असते, म्हणजे २३० किलो. गाडी १९५ किलोंची. तीवर प्रत्येकी ७० किलोंची दोन माणसे बसली, तर एकूण भार होतो ३३५ किलो. दोन्ही टायरची मिळून क्षमता ४९५ किलोंची आहे. म्हणजे ताकद पुरेशी आहे. ती वाढवून मिळणारे काही नाही.

उलट जादा ताकद अडचणीची ठरते. लहान मोटारीच्या १४५/८० आर १२ या टायरचा भार निर्देशांक ७४ असतो, म्हणजे ३७५ किलो. गोल्डविंगवर चढवल्या जाणाऱ्या मोटारीच्या टायरचा निर्देशांक ८७ च्या आसपास, म्हणजे ५४५ किलो. टायरची बाजू किती ताठ ठेवायची आणि रबर कोणत्या तापमानाला उत्तम पकड देईल, हे सारे या भाराचा विचार करून ठरवलेले असते. त्याच्या निम्म्याच भारावर तो टायर पुरेसा दबत नाही, त्याचे रबर अपेक्षेप्रमाणे तापत नाही. मोटारीचा टायर दीर्घायुषी असतो तो त्याचे रबर तुलनेने कडक असते म्हणून. मोटारसायकलचा टायर लवकर झिजतो तो मऊ असतो म्हणून. त्या मऊपणाच्या बदल्यातच वळणावरची पकड मिळत असते. झीज हा येथे दोष नसून, पकडीचे मोल आहे.

हे फक्त टायर कंपन्यांचे म्हणणे नव्हे. भारतीय मानक ब्युरोनेही या दोन्ही टायरसाठी स्वतंत्र मानके केली आहेत. दुचाकी-तीनचाकींच्या टायरसाठी आयएस १५६२७, तर मोटारींच्या टायरसाठी आयएस १५६३३. केंद्र सरकारने २००९ मध्ये काढलेल्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने ही मानके बंधनकारक केली. एका मानकाच्या चाचण्या उत्तीर्ण झालेला टायर दुसऱ्या प्रकारच्या वाहनावर कसा वागेल, याची कसलीही हमी त्या शिक्क्यातून मिळत नाही.

रिमची अडचण

वरील सारे वाद बाजूला ठेवले, तरी टायर रिमवर बसण्याचा प्रश्न उरतोच. टायरच्या आतील कडेत पोलादी तारांची वळी असते. तिला बीड म्हणतात. ही कडा रिमच्या ज्या पायरीवर घट्ट बसते, तिचा उतार आणि आतील उंचवट्याची ठेवण मोटार आणि मोटारसायकलच्या रिममध्ये सारखी नसते. दोन्हींवर 'सोळा इंची' असे लिहिले असले, तरी त्या दोन पायऱ्या एकच नव्हेत. मोटारीचा टायर मोटारसायकलच्या रिमवर 'टक्' आवाज करून बसावा म्हणून नेहमीपेक्षा बरीच अधिक हवा भरावी लागते. या प्रयत्नात बीड तुटणे किंवा रिमला तडा जाणे शक्य असते, आणि हे घडते तेव्हा पंक्चरवाल्याचा चेहरा चाकापासून हातभर अंतरावर असतो. टायर बसला तरी पुढे एखाद्या वळणावर हवा कमी असताना कडा पायरीवरून सरकली, तर ट्यूबलेस टायरमधील हवा एका क्षणात निघून जाते.

जागेचा प्रश्न वेगळाच. रुंद टायर मागच्या फाट्याला, साखळीला वा मडगार्डला घासतो. गाडी उभी असताना बोटभर फट दिसली, तरी वेगात टायर किंचित फुगतो आणि खड्ड्यात चाक वर येते, हे ध्यानात ठेवावे लागते.

बुलेटला बसतच नाही

आता मथळ्यातील प्रश्नाकडे. आपल्याकडे ज्याला 'वजनदार मोटारसायकल' म्हणतात त्या बहुतेक गाड्यांची चाके उंच आणि अरुंद आहेत. जुन्या ३५० सीसी बुलेटला पुढे-मागे ३.२५-१९ या मापाचे टायर येत. आताच्या क्लासिकला पुढे १९, मागे १८ इंची चाक आहे. इंटरसेप्टर ६५० ला दोन्हीकडे १८ इंची. मोटारीचे १८ इंची टायर असतात, पण ते दोनशे मिलिमीटरहून अधिक रुंद आणि महागड्या मोटारींसाठीचे. बुलेटच्या अरुंद रिमवर ते चढणे शक्य नाही. लहान मोटारींचे स्वस्त टायर १२ ते १४ इंची, म्हणजे बुलेटच्या चाकात हरवून जातील एवढे. जिल्ह्यातील दहापैकी नऊ वजनदार दुचाकींच्या बाबतीत निवडीचा हा प्रश्न व्यवहारात उद्भवतच नाही. तो उद्भवतो तो मागे १५-१६ इंची रुंद चाक असलेल्या मोजक्या क्रूझर आणि टूरर गाड्यांबाबत.

मग वर्ध्यात चुकते कोठे? चुकते ते टायर 'जाड' करण्याच्या हौसेत. मागच्या चाकाला कंपनीने दिलेल्या मापाऐवजी एक-दोन आकडे रुंद टायर बसवला की, गाडी भारदस्त दिसते. हा टायर मोटारसायकलचाच असतो, दुकानदारही तो आनंदाने देतो. पण अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि पृष्ठाची गोलाई बिघडून ते मधोमध टोकदार होते. सरळ चालताना रस्त्याला टेकणारा भाग वाढण्याऐवजी घटतो. म्हणजे दिसायला जाड, पण टेकायला बारीक. मोटारीचा टायर गोलाई सपाट करून घात करतो, हा ती टोकदार करून. मूळ दोष एकच, रिम आणि टायर यांचे नाते मोडणे. यापेक्षाही वाईट प्रकार म्हणजे पुढे एका जातीचा, मागे दुसऱ्या जातीचा टायर. रेडियल आणि साधा आडव्या धाग्यांचा टायर यांचे दबणे वेगवेगळे असते. उत्पादकाने स्वतः तशी जोडी दिली असेल तरच ती ठेवावी.

जेथे झुकणे नाही

मोटारीच्या टायरला दुचाकीच्या दुनियेत जागाच नाही, असे मात्र नाही. वाहन झुकणार नसेल, तर सगळा न्यायच बदलतो.

साइडकार जोडलेली बुलेट वळताना झुकत नाही. ती मोटारीसारखीच रेटून वळवावी लागते. तिचा गोल टायर मधोमध झपाट्याने झिजतो आणि बाजूने येणारा जोर त्याला सोसत नाही. म्हणून जगभर साइडकारच्या जोडगाड्यांना विचारपूर्वक बदललेल्या रिमवर मोटारीचे टायर लावण्याची पद्धत रूढ आहे. सौराष्ट्रातील छकडा रिक्षाचे उदाहरण याहून जवळचे. तिचे तोंड बुलेटचे आणि धड टेम्पोचे. मागच्या दोन चाकांना चारचाकीच्या जातीचे टायर, आणि त्यावर माणसे, कांदे, चारा असे जे जे मावेल ते. वाहन उभेच राहते, म्हणून टायर तक्रार करीत नाही. कॅनडातील कॅन-ॲम कंपनीच्या स्पायडर या तीनचाकीला तर कारखान्यातूनच मोटारीच्या धर्तीचे सपाट टायर येतात.

वर्धेकरांना यासाठी सौराष्ट्रात जाण्याचीही गरज नाही. विदर्भात मोटारीचे वा ट्रकचे जुने टायर लावलेल्या बैलगाड्या कापूस वाहून नेताना आजही दिसतात. बैलगाडी वळणावर झुकत नाही, त्यामुळे लोखंडी धावेच्या जागी आलेला टायर बैलांच्या खांद्याला दिलासाच देतो. सेवाग्रामच्या काळात जमनालाल बजाज यांच्या फोर्ड मोटारीला बैल जोडून ती वर्ध्यात चालवली जाई आणि तिला गमतीने 'ऑक्सफर्ड' म्हटले जाई. टायर मोटारीचे, शक्ती बैलांची, आणि तरीही काही बिघडत नव्हते. याच बजाज घराण्याच्या उद्योगाने पुढे देशाला स्कूटर आणि रिक्षा दिल्या, हा योग निराळा.

दिव्यांग व्यक्तींसाठी मागे दोन जादा चाके बसवलेल्या स्कूटर हा याच गटातील, पण दुर्लक्षित विषय आहे. या गाड्याही झुकत नाहीत. त्यामुळे त्यांच्या पुढच्या टायरवर वळताना बाजूचा जोर येतो आणि तो एका अंगाने खरवडल्यासारखा झिजतो. झीज विचित्र दिसली म्हणून टायर सदोष ठरवला जातो. प्रत्यक्षात वाहनाचा स्वभाव बदललेला असतो. असा टायर लवकर तपासणे आणि वेग आवरणे, हेच त्यावरचे उपाय आहेत.

कायद्याचे म्हणणे

उत्पादकाने सांगितलेल्या मापाचा, दुसऱ्या कंपनीचा टायर घेण्यास कोणतीही आडकाठी नाही. परंतु मोटारीचा टायर मावावा म्हणून मागचा फाटा रुंद करणे, रिम बदलणे, मडगार्ड कापणे हे वाहनातील बदल ठरू शकतात. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत बदलांना मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात ही मनाई काटेकोरपणे लागू असल्याचे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. तपासणी नाक्यावर मागच्या टायरचे माप वाचणारा पोलीस विरळाच. अपघातानंतर येणारा विमा कंपनीचा सर्वेक्षक मात्र ते हमखास वाचतो, आणि दावा अडवण्यास त्याला एवढे निमित्त पुरते.

झिजलेल्या टायरबाबतही नियम आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकी व तीनचाकींच्या टायरवरील खाचांची खोली किमान ०.८ मिलिमीटर, तर इतर वाहनांसाठी १.६ मिलिमीटर असावी लागते. दुचाकीला सवलत का, असा प्रश्न येथे कोणी विचारल्यास तो गैर नाही. ज्या वाहनाचे दोनच ठसे जमिनीवर असतात, त्याच्या मालकाने निम्म्या खोलीवर समाधान मानू नये. पावसाळ्यापूर्वी तर नाहीच.

वर्ध्याचे ऊन

टायरची जात ठरली, तरी वर्ध्यात त्याचा खरा शत्रू हवामान आहे. एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा ४५ अंशांपर्यंत चढतो; काँक्रीटचा पृष्ठभाग त्याहूनही तापतो. टायरमधील तापमान दहा अंशांनी वाढले की ३२ पौंडांच्या टायरमधील दाब साधारण दीड पौंडाने वाढतो. सकाळी ३० अंशांना भरलेली हवा दुपारी महामार्गावर ६५ अंशांपर्यंत तापली, तर दाब पाच पौंडांहून अधिक वाढलेला असतो. ही वाढ टायर बनवणाऱ्याने गृहीत धरलेली असते. घोळ होतो तो पुढे. वाटेतल्या पंपावर गरम टायरचा दाब मोजला जातो, 'हवा जास्त झाली' म्हणून ती काढली जाते, आणि दुसऱ्या दिवशी थंड टायरमध्ये ती गरजेपेक्षा पाच पौंडांनी कमी भरते. कमी हवेचा टायर फिरताना अधिक दुमडतो, दुमडण्याने अधिक तापतो, आणि तापलेले थर एकमेकांपासून सुटू लागतात. उन्हाळ्यात टायर फुटतात ते हवा जास्त झाल्याने, हा समज त्यामुळे बव्हंशी उलटा आहे. दाब मोजायचा तो गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर, थंड टायरचा. मागे माणूस बसणार असेल वा सामान लादायचे असेल, तर मागच्या चाकात किती वाढवायचा हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते.

नायट्रोजन भरल्याने दाब वाढत नाही, हाही असाच एक समज. आपण भरतो त्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर दोन्ही जवळपास सारखेच प्रसरण पावतात. नायट्रोजन कोरडा असतो आणि ट्यूबमधून किंचित सावकाश झिरपतो, एवढाच फायदा. त्यासाठी पैसे मोजायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. दाब मोजण्याचे काम त्याने टळत नाही.

१ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ झालेल्या खासगी बसच्या अपघातात २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यात वर्धा जिल्ह्यातील प्रवासीही होते. टायर फुटल्याचे चालकाने प्रथम सांगितले. परिवहन विभागाच्या अहवालात मात्र तसा पुरावा आढळला नसल्याचे नमूद करण्यात आले. टायरला दोष देणे सोपे असते, कारण अपघातानंतर तो बहुधा फाटलेलाच सापडतो. फाटण्यापूर्वी त्याची अवस्था काय होती, हे कोणी पाहिलेले नसते.

बुलेटच्या बाबतीत ही अवस्था पाहण्याचे कारण आणखी एक आहे. हौसेने घेतलेल्या अनेक गाड्या वर्षभरात दोन-तीन हजार किलोमीटरसुद्धा धावत नाहीत. लग्नाची वरात, एखादी पचमढीची सहल, आणि एरवी अंगणात ऊन खात उभी. अशा गाडीचा टायर झिजत नाही. तो म्हातारा होतो. रबर कडक पडते, बाजूला केसासारख्या बारीक भेगा येतात, नक्षी मात्र नव्यासारखी दिसते. तारेच्या आऱ्यांच्या चाकात सहसा ट्यूब असते आणि ट्यूबचे पंक्चर सावकाश जात नाही. हवा एकदम जाते.

वय ओळखण्याची खूण टायरवरच असते. बाजूच्या लंबवर्तुळात चार आकडे छापलेले असतात. २३१९ असे लिहिले असेल, तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात, म्हणजे जून महिन्यात तयार झाला. पाच वर्षांनंतर तो दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही शाबूत असली तरी काढून टाकावा, असा टायर उत्पादकांचा सल्ला असतो. नवा टायर घेतानाही हे आकडे आधी पाहावेत. दुकानाच्या पत्र्याच्या छपराखाली तीन उन्हाळे काढलेला टायर पावतीवर नवाच असतो. आणि तो बसवून झाल्यावर पहिले शे-दोनशे किलोमीटर वळणांवर गाडी फार झुकवू नये. साच्यातून निघालेल्या रबराचा गुळगुळीत पापुद्रा रस्त्यावर घासून जाण्यास तेवढा वेळ लागतो.